आपले प्रश्न : क्रॉसबो, एका बाणाचे शस्त्र

धनुर्विद्येवरील टिपण वाचून क्रॉसबोविषयी विचारणा करणारी बरीच पत्रे आली आहेत. ज्यांनी हे शस्त्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी इतकेच सांगतो, की क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य. दोरी मागे ओढून खटक्यात अडकवायची, दस्त्यावरच्या खोबणीत बोल्ट नावाचा आखूड बाण ठेवायचा आणि चाप दाबायचा. दोरी ताणून धरण्याचे काम हाताऐवजी खटका करतो. क्रॉसबोचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष या एका सोयीतून आलेले आहेत.

प्रश्न : मोठी आपत्ती येऊन रानात दिवस काढावे लागले, तर शिकारीसाठी रायफलीपेक्षा क्रॉसबो बरा, असे माझे मत झाले आहे. त्याचा आवाज होत नाही, बाण पुन्हा वापरता येतात आणि काडतुसांसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. हे मत बरोबर आहे काय?

आपण म्हणता त्यात तथ्य आहे, पण वापरायला घेतल्यावर त्यातले बरेचसे गळून पडते. आधी आवाजाचे पाहू. बंदुकीचा बार दूरवर ऐकू जातो, क्रॉसबोचा खटका जात नाही, हे खरे. मात्र ज्या हरणावर नेम धरलेला असतो त्याला तो ऐकू येतोच. शिकारी क्रॉसबोचा बोल्ट सेकंदाला साधारण १०० मीटर वेगाने जातो आणि आवाज सुमारे ३४० मीटर वेगाने. हरिण ४० मीटरवर उभे असेल तर खटक्याचा आवाज त्याच्या कानी ०.१२ सेकंदात पडतो आणि बोल्ट ०.४ सेकंदात पोहोचतो. मधल्या पाव सेकंदाहून अधिक अवधीत बिचकलेले हरिण उसळी घेण्यासाठी अंग खाली दबवते आणि छातीवर धरलेला बोल्ट पाठीवरून निघून जातो. त्याच ०.४ सेकंदात बोल्टही गुरुत्वाकर्षणाने पाऊण मीटरहून थोडा अधिक खाली येतो. क्रॉसबोवर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीत वेगवेगळ्या अंतरांच्या आडव्या खुणा याचसाठी असतात. परंतु ४६ मीटरवरचे जनावर आपण ४० मीटरवर धरले, तर बोल्ट सुमारे पंधरा सेंटीमीटर खाली लागतो. छातीऐवजी पाय मोडलेले जनावर झाडीत नाहीसे होते, ते हाती लागत नाही आणि धड जगतही नाही. त्यामुळे समजदार शिकारी ३०-४० मीटरच्या पलीकडे सहसा चाप दाबत नाहीत. साध्या रायफलीला हे अंतर म्हणजे काहीच नव्हे.

बाण पुन्हा वापरता येतात, हेही वाचायला फार छान वाटते. मातीच्या बांधापुढे लक्ष्य लावून सराव करणाऱ्याला विचारून पाहा. हुकलेला बोल्ट गवतात जवळजवळ आडवा शिरतो, मुळांच्या खालून सरकत जातो आणि वरचे पातेही हललेले दिसत नाही. गुडघ्यांवर बसून, बोटे फिरवून गवत विंचरत शोधावे लागते. एकदा अर्धा तास असा शोध घेतल्यावर, मी जिथे शोधत होतो तिथून दहा पावले पुढे मला भडक नारिंगी पिसांचे टोक दिसले होते. लागलेला बोल्टही बहुधा आरपार जाऊन दगडावर आपटतो किंवा जखमी जनावराच्या धावपळीत मोडतो. सापडला तरी त्याचे पाते पुन्हा धारदार करावे लागते आणि दांडा किंचित वाकवून, कानाशी धरून कुठे चिरकल्याचा आवाज येतो का ते पाहावे लागते. तडा गेलेला कार्बनचा दांडा सोडतानाच फुटला, तर त्याच्या काड्या हातात घुसतात.

काडतुसांच्या बाबतीत वजनाचा हिशेब करून पाहावा. पॉइंट टू-टू (०.२२ इंच व्यासाच्या लहान गोळीच्या) रायफलीची ५०० काडतुसे साधारण पावणेदोन किलोंची होतात आणि एका लहान पिशवीत मावतात. एक बोल्ट २५-३० ग्रॅमचा, म्हणजे वीस बोल्टचे वजन जेमतेम अर्धा किलो. पण ते हातभर लांबीचे असतात आणि मोडू नयेत म्हणून भात्यात जपून न्यावे लागतात. पाचशेची तर गोष्टच नको. काठ्या तासून घरी बोल्ट करता येतील, असा विचार आपल्या मनात असेल तर तो आजच सोडून द्यावा. बोल्ट सरळ हवा, मागची खाच त्या दोरीला जुळणारी हवी आणि वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असता कामा नये. फार हलका बोल्ट दोरीची सगळी ताकद उचलत नाही आणि उरलेली ताकद धनुष्याच्याच बाहूंवर आदळते.

मारक शक्तीच्या आकड्यांत मात्र एक गंमत आहे. चांगल्या क्रॉसबोच्या बोल्टची ऊर्जा साधारण १४० ते १५० ज्यूल भरते, तर क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या पॉइंट टू-टूच्या गोळीची १७० ज्यूलच्या आसपास. तरीही हरणासारख्या जनावरासाठी बोल्टच योग्य ठरतो, कारण त्याचे काम धक्का देण्याचे नसून कापण्याचे आहे. रुंद पात्याचा बाण रक्तवाहिन्या कापत आरपार जातो आणि जनावर रक्तस्रावाने मरते. त्याला वेळ लागतो. नीट वर्मी लागलेले हरिणही पन्नास-शंभर मीटर धावते. शिकाऱ्याला बराच वेळ गप्प बसून मग पानांवरचे रक्ताचे थेंब शोधत माग काढावा लागतो. हे कौशल्य क्रॉसबोबरोबर विकत मिळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. उपाशी माणसाला रोज हरिण भेटत नाही. भेटतात ती पाखरे, ससे, मासे. सशावर रुंद पात्याचा बोल्ट सोडणे म्हणजे खाण्याजोगे थोडेच उरणे. मला निवड करायची झाली तर मी पॉइंट टू-टू रायफल, तारेचे काही फास आणि मासे धरण्याचा गळ घेईन. फास आपण झोपलेले असतानाही काम करतो आणि अंगातली शक्ती खर्च करत नाही. (नुसत्या सशाच्या बिनचरबीच्या मांसावरही माणूस फार दिवस तग धरत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.) बंदूक बाळगणे शक्य नसेल तर क्रॉसबोचा विचार जरूर करावा, पण फासांच्या जोडीला, फासांऐवजी नव्हे. कायदाही आधी पाहावा. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार धनुष्याने किंवा क्रॉसबोने वन्य प्राणी मारण्यास बंदी आहे, तर अमेरिकेतील अनेक राज्यांत हंगामात तशी शिकार चालते.

प्रश्न : क्रॉसबोवर १८० पौंड लिहिलेले असते आणि हाताने ओढायच्या कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या) धनुष्यावर ७० पौंड. म्हणजे क्रॉसबो अडीच पट शक्तिशाली समजावा का?

नाही. पौंडांचा आकडा दोरी ओढायला किती जोर लागतो तेवढेच सांगतो. बाणाला मिळणारी ऊर्जा जोर आणि दोरीने बाण ढकलत कापलेले अंतर या दोहोंवर ठरते. कंपाउंड धनुष्यात हे अंतर सुमारे २० इंच असते, क्रॉसबोत बहुधा १० ते १५ इंच. मध्ययुगातील पोलादी क्रॉसबोंची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्यांची दोरी ओढायला हजार पौंडांहून अधिक जोर लागे, म्हणून चरकासारखे यंत्र फिरवावे लागे. पण दोरी जेमतेम अर्धा फूट सरकत असल्याने इतक्या खटाटोपानंतरही फळ मजबूत हातधनुष्याच्या तोलाचेच मिळे. प्रत्यक्षात आजचा क्रॉसबो कंपाउंड धनुष्यापेक्षा काहीसा वरचढ आहे, अडीच पट नाही. त्याचा खरा फायदा निराळा आहे: हातधनुष्याला वर्षभराचा सराव लागतो, तर क्रॉसबोने नवखा माणूस एका दुपारीत बऱ्यापैकी नेम धरू लागतो.

प्रश्न : आम्ही एकटवस्तीला राहतो. स्वसंरक्षणासाठी घरात क्रॉसबो ठेवावा असा विचार आहे. आपला सल्ला काय?

ठेवू नये. इतके स्पष्ट उत्तर या सदरात मी क्वचितच देतो, म्हणून कारणे थोडी विस्ताराने सांगतो.

क्रॉसबो हे एका बाणाचे शस्त्र आहे. पहिला बोल्ट सुटल्यावर टोक जमिनीकडे करून पुढच्या रिकिबीत पाय घालायचा, ताणण्यासाठीच्या वेगळ्या ओढदोरीचे आकडे धनुष्याच्या दोरीत अडकवायचे, कंबरेतून सरळ होत ती खटका लागेपर्यंत खेचायची, मग नवा बोल्ट काढून खोबणीत बसवायचा. शांतपणे, दिवसाउजेडी यास वीसेक सेकंद लागतात. अंधारात, हात थरथरत असताना किती लागतील याचा अंदाज आपणच करावा. अमेरिकेतील पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली दाखवून दिले होते, की चाकू घेतलेला माणूस ७ मीटरांहून थोडे कमी अंतर दीड सेकंदात पार करतो. घरातील बहुतेक अंतरे याहून कमी असतात. १३४६ मध्ये फ्रान्समधील क्रेसीच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या, इटलीतील जिनोआच्या कसलेल्या क्रॉसबोधाऱ्यांना इंग्रजांच्या हातधनुष्यांनी हटवले, त्यात हाच संथपणा भोवला होता; आणि ते तर आडोशामागून, साथीदारांसह लढायला शिकलेले सैनिक होते.

मग तो कायम ताणून, भरून ठेवावा का? तेही करू नये. दोरी आणि बाहू तासन्‌तास ताणलेले राहिले की थकतात, आणि घरात भरलेले शस्त्र कोणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही. शिवाय वर सांगितले तसे, बाण जनावराला जागच्या जागी थांबवत नाही, आणि माणसालाही नाही. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याला ११९९ च्या मार्चअखेरीस वेढ्याच्या वेळी खांद्यात क्रॉसबोचा बाण लागला. तो मेला ६ एप्रिलला, जखम सडून. स्वसंरक्षणात समोरच्याचा जीव घेणे हा हेतू नसतो, त्याला त्या क्षणी थांबवणे हा असतो. नेमके तेच क्रॉसबोला जमत नाही, आणि जीव घेणे मात्र जमते. न्यायालयात उभे राहिल्यावर हा फरक आपल्याला फार महागात पडू शकतो.

मजबूत दार, चांगली कडी, बाहेर दिवा, भुंकणारा कुत्रा, हाताशी फोन आणि कायद्याची मुभा असेल तेथे मिरचीचा फवारा (पेपर स्प्रे), हा क्रम मी सुचवीन. वन्य प्राण्यांच्या बाबतीतही फवाऱ्याला हसू नये. अलास्कातील अस्वलांच्या घटनांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फवाऱ्याने दहापैकी सुमारे नऊ प्रसंगांत अस्वलाला थोपवल्याचे आढळले होते. चाल करून येणाऱ्या अस्वलावर एकच बोल्ट हाती असलेला माणूस त्याहून बऱ्या स्थितीत असतो, असे मला वाटत नाही.

प्रश्न : एका हातात मावणारा पिस्तूल-क्रॉसबो कसा?

लक्ष्यभेदाचा खेळ म्हणून ठीक आहे. शिकारीला फार कमजोर आणि खेळण्यात जमा करायला फार धोकादायक.

प्रश्न : क्रॉसबो ताणला, पण सावज आलेच नाही. आता दोरी उतरवायची कशी? नुसता चाप दाबला तर चालेल का?

मुळीच नाही. बोल्टविना चाप दाबला तर सगळी ताकद बाहू आणि दोरीवर उलटते. बाहू तडकतात, दोरी तुटून तोंडावर येते. बऱ्याच आधुनिक नमुन्यांत बोल्ट नसेल तर चाप अडवणारी कळ असते, पण तिच्या भरवशावर राहू नये. काही नमुन्यांना दोरी हळूहळू सैल करण्याची चावी असते. आपल्याकडे ती नसेल तर एक जुना, भोथऱ्या टोकाचा, वजनाने पुरेसा बोल्ट याच कामासाठी भात्यात वेगळा ठेवावा. मागे-पुढे कोणी नाही याची खात्री करून, काही पावलांवरच्या मऊ, दगड नसलेल्या मातीत तो सोडावा. त्या वेळी पुढचा हात दस्त्याच्या खालीच असू द्यावा. अंगठा वर आला आणि खोबणीच्या कडेला लागला, तर दोरी त्याला बोल्टसारखेच पुढे नेते. अंगठ्याचे टोक असे गमावलेले लोक आहेत. बोल्ट मातीतून काढल्यावर दोरीवर मेण फिरवावे, मधल्या गुंडाळीचा धागा सुटला असेल तर ती पुन्हा ताणण्याआधी बदलून घ्यावी.