कमी उलाढालीचा जुना शेअर विकायचाय: मार्केट ऑर्डर की लिमिट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही निपाणीचे. वडिलांनी कधीकाळी घेतलेले एका छोट्या कंपनीचे शेअर आता तुमच्या डीमॅट खात्यात आलेत. त्यातले २०० मोबाइलवरून मार्केट ऑर्डरनं, म्हणजे मिळेल त्या भावाला, विकलेत. पडद्यावर भाव २१२ दिसत होता, हातात सरासरी २०२ च्या आसपास पडला. घाबरून उरलेल्यांना २१२ ची लिमिट (याच्या खाली विकू नको) लावलीत, तर ती रोज संध्याकाळी रद्द होऊन परत येते. ब्रोकरनं फसवलं का, आणि आता काय करू?

फसवलेलं दिसत नाही. पडद्यावरचा २१२ हा कुणी तुम्हाला देऊ केलेला भाव नव्हताच की ओ. तो शेवटच्या झालेल्या सौद्याचा भाव. तो सौदा दोन मिनिटांपूर्वीचा असेल, नाहीतर सकाळी कुणीतरी ५ शेअर घेऊन गेला असेल. अशा शेअरमध्ये ‘शेवटचा भाव’ ही जुनी बातमी असते. मी बेळगावात काही वर्षं एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात टर्मिनलवर बसायचो. तिथं येणारी जुनी माणसं आधी विचारायची, ‘घेणारा कितीला आहे?’ मोबाइल आल्यापासून हा प्रश्न कुणी विचारत नाही. ॲपमध्ये मात्र त्याचं उत्तर असतं. शेअरच्या पानावर ‘मार्केट डेप्थ’ उघडा. डावीकडं घेणाऱ्यांचे पाच वरचे भाव, उजवीकडं विकणाऱ्यांचे पाच खालचे भाव, आणि प्रत्येकासमोर नग.

तुमच्या त्या दिवशी तिथं साधारण काय असावं ते मी मनानं मांडतो. घेणारे: २०९.५० ला २५ शेअर, २०७ ला ६०, २०४.१० ला १५, १९८ ला १००, आणि त्याखाली १९१ ला ३००. तुम्ही २०० शेअर ‘मार्केट’ला सोडलेत. यंत्राला तुम्ही एवढंच सांगितलंत की भाव बघू नको, २०० नग खपव. मग त्यानं पहिले २५ वरच्या भावाला दिले, नंतरचे ६०, मग १५, आणि राहिलेले १०० थेट १९८ ला. एकूण ४०,५१९ रुपये. २१२ नं हिशेब केला तर ४२,४०० व्हायला हवे होते. म्हणजे १,८८१ रुपये कुणी खिशात घातले नाहीत, तुमच्याच ऑर्डरनं पायऱ्या उतरत घालवले. तुमची काँट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकर पाठवतो तो सौद्यांचा हिशेब, काढून बघा, त्यात असे चार-पाच वेगवेगळ्या भावांचे तुकडे दिसतील. तसे दिसले तर हेच झालं म्हणून समजा.

तीच ऑर्डर २०७ च्या लिमिटनं दिली असती तर? पहिले २५ शेअर २०९.५० ला गेले असते, २०७ ला नव्हे. हे फार जणांना माहीत नसतं. लिमिट ही विक्रीत ‘याच्या खाली नको’ आणि खरेदीत ‘याच्या वर नको’ एवढंच सांगते. समोर त्याहून चांगला भाव असेल तर तोच मिळतो. पुढचे ६० बरोबर २०७ ला, आणि उरलेले ११५ शेअर विकणाऱ्यांच्या रांगेत २०७ ला उभे राहिले असते. तुमच्या निपाणी भागातले लोक कोल्हापूरच्या यार्डात गूळ पाठवतात, तेव्हा अडत्याला सांगून ठेवतात की अमक्या भावाच्या खाली रवे सोडू नको. चार रुपये जास्त मिळत असतील तर तो काही नको म्हणत नाही. लिमिट ऑर्डर अशीच.

आता तुमची दुसरी बाजू. २१२ ला लावून ठेवलीत आणि काही झालं नाही. होणार कसं? घेणारे २०९.५० च्या वर यायला तयार नाहीत. लिमिटचा वापर बहुतेक जण घासाघीस करायला करतात, आणि माझ्या मते तिथंच गडबड होते. वाईटात वाईट भाव कुठला चालेल ती रेघ आखायला ती आहे. चांगला भाव मिळेलच अशी हमी ती कधी देत नाही. उलट सौदा होईल की नाही याची खात्री सोडून देऊन तुम्ही भावाची खात्री घेता. दोन्ही एकदम कुठल्याच ऑर्डरमध्ये मिळत नाही.

म्हणून मोठ्या शेअरमध्ये मी या गोष्टीचा बाऊ करत नाही. आपल्या बेळगावच्या यमनापूरला जिचा कारखाना आहे ती हिंडाल्को घ्या. निफ्टी या ५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातला शेअर, दिवसभर घेणारे-विकणारे खचाखच. त्यात १० शेअरला मार्केट ऑर्डर दिली तर फरक पडून पडून रुपया-दोन रुपयांचा. तिथं २० पैशांसाठी लिमिट लावून बसायचं आणि शेअर पाच रुपये वर निघून गेल्यावर हळहळायचं, यात शहाणपण नाही. तरीसुद्धा मला विचाराल तर तिथंही विकणाऱ्याच्या भावाच्या थोडी वर लिमिट टाकून घ्यावं. सौदा लगेच होतो आणि एखाद्या विचित्र क्षणी सापडायची भीती राहत नाही.

विचित्र क्षण म्हणजे काय, तर ५ ऑक्टोबर २०१२. त्या दिवशी एका ब्रोकरकडून ६५० कोटींच्या वरच्या चुकीच्या विक्रीच्या ऑर्डरी एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारात) गेल्या आणि निफ्टी काही क्षणांत १५ टक्क्यांच्या आसपास कोसळला. व्यवहार थांबवावे लागले, नंतर भाव सावरले. पण त्या काही क्षणांत ज्यांच्या विक्रीच्या मार्केट ऑर्डरी आत गेल्या त्यांना मिळेल तो भाव घ्यावा लागला. पुढं ऑप्शनमध्ये (ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यांत) असे वेडेवाकडे सौदे वारंवार व्हायला लागले, तेव्हा एनएसईनं सप्टेंबर २०२१ पासून तिथल्या स्टॉप-लॉस मार्केट ऑर्डरी, म्हणजे ठरलेला भाव आला की मिळेल त्या भावाला सुटणाऱ्या ऑर्डरी, बंदच केल्या. बीएसईनं (मुंबई शेअर बाजारानं) ऑक्टोबर २०२३ पासून त्या थांबवल्या. एक्स्चेंजनाच जी गोष्ट नको वाटली ती आपण का म्हणून कवटाळायची?

तुमच्या शेअरकडं येतो. पहिलं काम म्हणजे तो एनएसई आणि बीएसई दोन्हीकडं आहे का बघा. जुन्या छोट्या कंपन्या पुष्कळदा फक्त बीएसईवर असतात. दोन्हीकडं असेल तर दोन्हीकडची डेप्थ उघडून जिथं घेणारे जास्त तिथं विका. एक्स्चेंज बदलायचं बटण ऑर्डरच्या पानावरच असतं आणि कुणी त्याला हात लावत नाही.

मग मागच्या आठ-दहा दिवसांत रोज किती शेअरची उलाढाल झाली ते बघा. रोज ३०० शेअर होत असतील आणि तुमच्याकडं ५०० उरले असतील, तर एका दिवसात सगळे विकायचा हट्ट धरू नका. थोडे थोडे सोडा. याला एक खर्च आहे: विक्रीच्या दिवशी डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढायचं शुल्क) लागतो, बहुतेक ठिकाणी १५ ते २५ रुपयांच्या आसपास. तो नगावर नसतो, कंपनीमागं दिवसाला एकदाच असतो. म्हणजे रोज १० शेअर विकणंही परवडत नाही. ५०० चे चार-पाच दिवसांत तुकडे ठीक.

भाव कुठला लावायचा? घेणारा २०९.५० ला आणि विकणारा समजा २१४ ला असेल तर मी २११ च्या आसपास उभा राहीन. गोल आकड्यावर मात्र नाही. २१०, २१५ अशा आकड्यांवर सगळ्यांच्या ऑर्डरी साचलेल्या असतात, आणि एकाच भावाला जो आधी आला त्याचा नंबर आधी लागतो. २१० ला वीस जणांच्या मागं उभं राहण्यापेक्षा २०९.९० ला सगळ्यांच्या पुढं उभं राहिलेलं बरं. दहा पैसे सोडले तर काय जातंय? आणि सारखा भाव बदलत बसू नका. भाव बदलला की नव्या भावाच्या रांगेत तुम्ही शेवटी. दुपारपर्यंत कुणी आलं नाही तर एक पायरी खाली या.

जास्त नग एकदम दाखवले तर घेणारे हात आखडतात, हेही खरं. ऑर्डरच्या पानावर ‘डिस्क्लोज्ड क्वांटिटी’ म्हणून एक रकाना असतो. १०० ची ऑर्डर असेल तर त्यात २० लिहिलं की समोरच्याला एकावेळी २० च दिसतात. निदान दहा टक्के दाखवावे लागतात.

सकाळी सव्वानऊच्या ठोक्याला छोट्या शेअरमध्ये शिरू नका, आणि रात्री मार्केट ऑर्डर टाकून झोपू तर अजिबात नका. आमच्याकडं बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांत शिफ्टला जाणारी पोरं हे हमखास करतात: दिवसभर मोबाइल आत न्यायला मनाई, म्हणून रात्रीच ऑर्डर टाकून मोकळी. ती ऑर्डर सकाळी जाते आणि तेव्हा समोर कोण असेल ते कुणालाच ठाऊक नसतं. रात्री टाकायचीच असेल तर लिमिट टाका.

जीटीटी, म्हणजे ठरावीक भाव येईपर्यंत दिवसेंदिवस थांबून राहणारी ऑर्डर, लावू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. लावता येतं, पण ती ऑर्डर एक्स्चेंजवर नसते, ब्रोकरकडं थांबलेली असते. ठरलेला भाव आला की मग ती पुढं जाते. दोन अडचणी येतात. एक म्हणजे तुम्ही डीडीपीआय (विकलेले शेअर खात्यातून काढायची ब्रोकरला दिलेली लेखी परवानगी) करून दिलेलं नसेल तर विक्रीला त्या दिवशी टीपिन (डीमॅट खात्याचा गुप्त आकडा) आणि ओटीपी देऊन मंजुरी द्यावी लागते. तुम्ही शेतात असाल आणि मंजुरी राहिली तर ऑर्डर वाया. दुसरी म्हणजे तुमच्या शेअरमध्ये कुणी ५ शेअर २१५ ला घेतले तरी जीटीटी जागी होईल, आणि तोवर घेणारा निघून गेलेला असेल. थोड्या उलाढालीच्या शेअरला मला ते फारसं पटत नाही. रोज सकाळी दहाला नवी ऑर्डर टाकणं सोपं.

आणखी एक गोष्ट, जी माहीत असूनही विसरली जाते. पडून राहिलेली लिमिट ऑर्डर ही दुसऱ्याच्या हातात दिलेली संधी असते. कंपनीचे निकाल आपल्याकडं बाजार चालू असतानाही येतात. चांगला निकाल आला की ज्यांना आधी कळलं ते तुमचे २११ चे शेअर एका क्षणात उचलतात आणि भाव २३० ला जातो. खरेदीची लिमिट असेल तर उलटं: वाईट बातमी आली की तुमच्या भावाला शेअर हटकून मिळतो, आणि तिथून खालीच जातो. निकालाची तारीख आधी जाहीर झालेली असते. त्या दिवशी ऑर्डर काढून घ्या, बातमी वाचा, मग परत लावा.

लोअर सर्किट लागलं, म्हणजे शेअर दिवसाच्या घसरणीच्या ठरलेल्या मर्यादेला टेकला, तर मात्र लिमिट, मार्केट दोन्ही सारखेच. घेणाराच नसतो. छोट्या शेअरना हे सर्किट २, ५, १० किंवा २० टक्क्यांचं असतं; तुमच्या शेअरला किती आहे ते आजच बघून ठेवा. ५ टक्क्यांचं असेल तर आदल्या दिवशी २०९ ला बंद झालेला शेअर दिवसाला साधारण दहा रुपयांपेक्षा जास्त उतरूच शकत नाही, मग मार्केट ऑर्डरचा फटकाही तेवढ्यातच थांबतो. तुमचा १९८ पर्यंत गेला असेल तर सर्किट १० किंवा २० चं असावं, आणि अशा शेअरला उद्यापासून ‘मार्केट’चं बटण दाबू नका. काँट्रॅक्ट नोटमधल्या भावांचे तुकडे माझ्या अंदाजापेक्षा वेगळे निघाले तर खाली प्रतिक्रियेत फक्त ते आकडे लिहा, बघतो.