पंधरापैकी पंधरा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पालकसभा आता तू घेणार, हे ऐकून बरं वाटलं. अशा सभांनी आईबापांना खरंच काही कळतं का, असं तू विचारलंस. कळतं गं. फार लवकर कळतं, आणि तिथेच आपण फसतो.

चोपडा तालुक्यात मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, होते तेव्हा सभेआधी आणि सभेनंतर मी तेच 15 प्रश्न भरून घ्यायचे. पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, 2 वर्षांखालच्या लेकराला मोबाइल नको, असं सगळं. मार्क भराभर वाढायचे आणि मी खूश. मग एका संध्याकाळी, जिला पंधरापैकी पंधरा पडले होते, तिच्या घरी गेले. दिवसभर कापूस वेचून आलेली, पुढ्यात परातीत ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ, आणि पोऱ्याच्या हातात मोबाइल. मला बघून ओशाळली. म्हणाली, "ताई, गोट खरी शे, पन येळ कोठे शे?"

तिला उत्तरं पाठ झाली होती, पण ती संध्याकाळ कशी काढायची हे मी कधी सांगितलंच नव्हतं. मी परातीतला लिंबाएवढा गोळा पोऱ्यापुढे ठेवला. त्यानं थापला, फाटला, पुन्हा वळला. तव्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, "कोनासाठे भाकर?" तो म्हणाला, "आजीले!" मोबाइल कधी कोनाड्यात गेला, दोघांनाही कळलं नाही.

जमैकात 1980च्या दशकात वाढ खुंटलेल्या लेकरांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जायच्या, घरच्याच वस्तूंची खेळणी करून आईला लेकराशी खेळायला लावायच्या. 2 वर्षं. वीसेक वर्षांनी ती मुलं तशाच इतर मुलांपेक्षा 25 टक्के जास्त कमावत होती. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला तो गोळा आठवला.

म्हणून लेकरं सभेत येऊ देत, रडली तरी चालेल. तू कमी बोल, आईला तिथेच करून बघू दे. सासवांना आग्रहानं बोलाव. बाळाला पहिल्या दिवशी मध चाटवायचा की नाही, हे सूनबाई ठरवत नाही. बाप दिवसा येणार नाहीत, त्यांच्यासाठी रात्री पारावर बस. आणि वेचणीच्या दिवसांत सभा ठेवूच नकोस.

प्रश्नपत्रिका वर पाठवाव्या लागतील, तेवढ्या पाठव. माझ्याकडे उरलेल्या मी पोरांना दिल्या होत्या, मागची बाजू कोरी असते.

तुझी,
ताई