पांढरे ठिपके दिसले म्हणून लगेच निळी बाटली नको

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही धायरीला राहतो, मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला डिसेंबरमध्ये दोन फुटी टँक घेतला, त्यात चार गोल्डफिश. पहिले पंधरा दिवस मस्त होते. आता अंगावर, शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आलेत, मासे खडीवर अंग घासतात आणि दोन दिवस झाले सारखे वर येऊन तोंड उघडमिट करतात. दुकानदाराने निळं औषध दिलं आणि सगळं पाणी बदला म्हणाला. मी तीनदा सगळं पाणी बदललं, फिल्टरचा स्पंज नळाखाली अगदी स्वच्छ धुतला, दरवेळी औषध टाकलं. परवा एक मासा गेला. मुलगा शाळेतून आला की दप्तर न टाकताच टँकपाशी जातो हो, उरलेल्या तिघांचं काय करू? पाणी सोसायटीचं, कधी कॉर्पोरेशनचं कधी टँकरचं.
— एक आई, धायरी

उत्तर : ताई, आधी औषध थांबवा. आजच. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुमच्या टँकमध्ये दोन दुखणी एकदम चालू आहेत आणि तुम्ही त्यातल्या एकाचाच इलाज करताय, तोही अशा पद्धतीने की दुसरं दुखणं वाढतंय. ठिपके आणि अंग घासणं हे तुमच्या वर्णनावरून व्हाइट स्पॉटच आहे, ज्याला दुकानात इच म्हणतात. पण वर येऊन तोंड उघडमिट करणं म्हणजे माशाला श्वास पुरत नाहीये. इच कल्ल्यांत गेला की असं होतं हे खरंय, पण महिनाभराचा टँक, धुतलेला स्पंज आणि तीनदा बदललेलं सगळं पाणी हे एकत्र वाचल्यावर माझा पहिला संशय पाण्यावर आहे. माशाची घाण म्हणजे फक्त खाली दिसणारी विष्ठा नव्हे, त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया पाण्यात येत असतो. तो अमोनिया खाऊन टाकणारे जिवाणू स्पंजमध्ये आणि खडीवर राहतात, आणि नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमची जेमतेम बसत आली होती, ती नळाच्या क्लोरीनने धुतली गेली आणि उरलेली निळ्या औषधाने मारली, कारण ते बहुतेक मेथिलीन ब्लू असणार आणि ते या जिवाणूंनाही सोडत नाही. अमोनियाने कल्ले भाजतात, मग मासा वर येतो.

हे मी दोष द्यायला सांगत नाहीये. दिवाळीच्या साफसफाईत मीही एकदा स्पंज नळाखाली पांढरा होईस्तोवर धुतला होता, चार दिवसांत सहा एंजल गेले, आणि मला वाटलं रोग आला, म्हणून मी वर औषधं टाकत बसलो. ते सहा मासे अजून आठवतात. म्हणूनच स्पंज धुवायचा तर टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळायचा, बस, तपकिरी राहिला तरी राहू दे.

आता आज रात्री काय करायचं ते सांगतो. एक तृतीयांश पाणी काढा, सगळं नाही, आणि तेवढंच क्लोरीन उडालेलं पाणी हळूहळू घाला. आपल्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं की आदल्या दिवशी पिंपं भरून ठेवतोच ना, तशी माशांसाठी एक बादली रोज भरून उघडी ठेवायची सवय लावा, २४ तासांत क्लोरीन जातो, आत हवेचा दगड (एअर पंपच्या नळीला लावतात तो, बारीक बुडबुडे सोडणारा) सोडला तर लवकर जातो. आज घाई आहे म्हणून दुकानातलं अँटीक्लोरीन वापरा, ते सोडियम थायोसल्फेट असतं, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. खाणं दोन दिवस पूर्ण बंद, गोल्डफिशला काही होत नाही, उलट खाणं नाही म्हणजे अमोनिया कमी. एअर पंप दिवसरात्र चालू. आणि उद्या अमोनियाचं टेस्ट किट आणा, औषधाच्या तीन बाटल्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे. अमोनिया शून्य दिसला पाहिजे, थोडासा रंग आला तरी रोज एक चतुर्थांश पाणी बदलत राहायचं.

टँकरच्या पाण्याबद्दल एक लक्षात घ्या. खडकवासल्याचं पाणी मऊ असतं, बोअरचं जड, आणि टँकर कुठून भरलाय ते आपल्याला कोणी सांगत नाही. ज्या दिवशी डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही त्या दिवशी जड पाणी आलंय असं समजा. जड पाणी गोल्डफिशला चालतं, त्याची भीती नाही, पण अशा पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, बहुधा चढा असतो, आणि पीएच जितका जास्त तितका तोच अमोनिया जास्त विषारी होतो. मऊ पाण्यातल्या माशावर एकदम सगळं जड पाणी ओतलं की मासा हादरतो. तुम्ही तीनदा बहुधा तेच केलंत, नकळत.

आता इच. हा एक परजीवी आहे, अंगावर दिसणारा ठिपका माशाच्या कातडीच्या आत असतो, म्हणून तिथे कुठलंच औषध पोचत नाही. ठिपका मोठा होतो, गळून खाली खडीत पडतो, तिथे स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्लं होतात, कधी हजारापर्यंत, ती फुटून पोहायला लागतात आणि दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध, मीठ काहीही असो, लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. त्यामुळे होतं काय, तिसऱ्या दिवशी ठिपके दिसेनासे होतात, घरात सगळे खूश, औषध बंद, आणि आठवड्याने दुपटीने ठिपके. ते बरं झालेलं नव्हतं, ठिपके फक्त खाली पडले होते. शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान एक आठवडा इलाज (निळं औषध नव्हे, खाली सांगतोय तो हीटर आणि मिठाचा) चालू ठेवायचा, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा, मुलाला सांगा लिहायला.

हे सगळं चक्र गरम पाण्यात आठवड्याच्या आत पुरं होतं, थंडीत दोन-तीन आठवडे रेंगाळतं. पुण्यात जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी आणि दुपारी चांगलं ऊन, टँक खिडकीपाशी असेल तर पाण्याचं तापमान दिवसभर खालीवर होतं आणि अशा वेळी माशाची ताकद कमी पडते. ५० वॅटचा हीटर आणि साधा थर्मामीटर घ्या, तापमान दर काही तासांनी एकेक अंश वाढवत २७-२८ पर्यंत न्या. त्याच्या वर नको, गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा मासा आहे आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, म्हणून तर एअर पंप बंद करू नका म्हणतोय.

मीठ साधं जाडं खडे मीठ, लिटरला २ ग्रॅम. तुमचा टँक दोन बाय एक बाय एक फूट असेल तर हिशोबाने ५६ लिटर होतो, पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की ५० धरा, म्हणजे १०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, मुठीने नको. मगभर पाण्यात विरघळवून तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ-सकाळ असं घाला. मग १५ लिटर पाणी बदललं तर त्या १५ लिटरचं ३० ग्रॅमच परत घालायचं, पुन्हा १०० नाही, इथे खूप जण चुकतात. मिठाचा अजून एक फायदा, अमोनियानंतर पाण्यात नायट्राइट तयार होतं त्याचा त्रासही मिठाने कमी होतो. टँकमध्ये जिवंत झाडं असतील तर ती आधी बादलीत काढा. आणि एक दिवसाआड पाइपने खडीतली घाण ओढून घ्या, कवचातले ठिपके तिथेच पडलेले असतात.

एवढ्यावर बहुतेक गोल्डफिश बरे होतात. पण पांढरं जर ठिपक्यांसारखं नसून तोंडाशी कापसासारखं किंवा पाठीवर खोगिरासारखा पट्टा असेल तर हीटर लावू नका, तो जिवाणूंचा रोग आहे आणि उष्णतेने भराभर पसरतो, तसं दिसलं तर फोटोसहित परत लिहा.

तिघे वाचले की मुलाला एक गोष्ट सांगावी लागेल, गोल्डफिश वीतभर वाढतो आणि दहा वर्षं सहज जगतो, त्या टँकमध्ये तिघे मोठे होऊ शकत नाहीत. पुढे मोठा टँक घ्या नाहीतर मोठा टँक असलेल्या ओळखीच्या कोणाला द्या. मुठा नदीत किंवा कुठल्या तळ्यात नेऊन सोडू नका, नदीतल्या आपल्या माशांना त्याचा त्रास होतो.

प्रश्न : माझ्या कॉमेट गोल्डफिशला तीन आठवडे व्हाइट स्पॉटचं औषध देतोय, ठिपके हलत नाहीत. फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला आहेत, एका ओळीत. मासा खातो चांगला, पण दुसऱ्याच्या मागे मागे पळतो, त्याला ढोसतो. डोस वाढवू का?
— एक वाचक, औंध

उत्तर : नका वाढवू, बंदच करा, तुमचा मासा आजारी नाहीये! तो नर आहे आणि वयात आलाय. गोल्डफिशच्या नराला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काट्यावर असे पांढरे दाणे येतात, ज्याच्या मागे तो पळतोय ती बहुतेक मादी आहे. इचचे ठिपके शिस्तीत एका ओळीत येत नाहीत, ते शेपटी, पाठ, डोळ्याभोवती कुठेही विखुरतात, रोज त्यांची जागा आणि संख्या बदलते, आणि मासा पर मिटून कोपऱ्यात बसतो. तुम्ही ठिपके कुठे आहेत ते इतकं नीट लिहिलंत म्हणून मला घरी बसून कळलं, प्रत्येकाने असंच लिहावं. तीन आठवड्यांचं औषध पाण्यातून काढायला फिल्टरमध्ये नवा कार्बन (औषध शोषून घेणारा कोळसा) घाला, दोन-तीन दिवसांनी एकेक चतुर्थांश पाणी बदला, आणि अमोनिया तपासा, वर धायरीच्या ताईंना सांगितलंय त्याच कारणासाठी.

प्रश्न : मी कर्वेनगरला रूमवर राहतो, फायटर मासा (बेट्टा) आहे, छोट्या बाऊलमध्ये. पोट फुगलंय, खात नाही, तळाशी पडून असतो. मटार द्या असं मित्र म्हणतो.
— एक विद्यार्थी

उत्तर : मित्रा, बाऊलच्या वरून बघ. खवले अंगाला चिकटलेले, गुळगुळीत असतील तर पोट साफ नसणं शक्य आहे, तीन दिवस उपास घाल, पाणी २६-२७ अंशाला ठेव, बरा होईल. मटार गोल्डफिशला ठीक, फायटर किडे खाणारा मासा आहे, त्याला नको.

पण खवले जर फणसाच्या पाठीसारखे उभे राहिले असतील तर तो ड्रॉप्सी आहे, म्हणजे किडनी काम करत नाहीये आणि अंगात पाणी भरलंय. तुला खोटी आशा नाही देणार, त्यातून फार थोडे मासे वाचतात. स्वच्छ, कोमट, उथळ पाण्यात अंधारात शांत ठेव, म्हणजे वर श्वास घ्यायला त्याला लांब यावं लागणार नाही. एक-दोन दिवसांत तो अजिबात हलेनासा झाला, कुशीवर पडला, तर त्याला तसंच तडफडत ठेवू नकोस आणि जिवंत फ्लश तर मुळीच करू नकोस. लवंगेच्या तेलाने माशाला भूल येते. लिटरभर त्याच्याच पाण्यात तो ठेव, आधी दोन-तीन थेंब कोमट पाण्याच्या छोट्या बाटलीत खूप हलवून ते हळूहळू सोड, तो झोपला की आणखी आठ-दहा थेंब तसेच हलवून घाल, आणि कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसाच राहू दे. मग कुंडीत पुर.

बाऊल खडे मिठाने घासून दोन दिवस कडक उन्हात वाळव. पुढचा फायटर आणशील तेव्हा निदान १५-२० लिटरचा टँक, छोटा स्पंज फिल्टर आणि हीटर आधी लाव, मासा नंतर आण.