पांढरी तीन की पांढरी चार? आधी फाइलचा वेग तपासा

रेकॉर्डिंगची पट्टी आणि वेग अ‍ॅपमध्ये चुकीचे का येतात, असं विचारणाऱ्या तुमच्या पोस्टमधले दोन आकडे वाचले आणि दुखणं ओळखीचं निघालं. ग्लाझुनोव्हचा ऑल्टो सॅक्सोफोन कन्चेर्तो, पियानोच्या साथीने हॉलमध्ये रेकॉर्ड केलेला. अ‍ॅप पट्टी कधी ई मेजर दाखवतं, कधी एफ मेजर. क्लिक (मेट्रोनोम) मिनिटाला ८४ ठोक्यांवर ठेवून वाजवलेला भाग अ‍ॅपमध्ये ९१.४ येतो, आणि नंतर मागवलेला स्ट्रिंग्जचा ट्रॅक काही केल्या बसत नाही. स्टुडिओचं म्हणणं, वादकच चढा वाजलाय.

कन्चेर्तो ई फ्लॅट मेजरमधला, म्हणजे आपली काळी दोन. तुमचा सूर पडतोय पांढरी तीन (ई) आणि पांढरी चारच्या (एफ) मधोमध, म्हणून अ‍ॅप दोन्हीकडे लंबकासारखं झुलतंय. आता ९१.४ ला ८४ ने भागा, १.०८८ येतं. ४८००० ला ४४१०० ने भागा, तेच येतं. हे दोन नेहमीचे सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते. रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झला झालं आणि ४८ च्या सेशनमध्ये (एडिटिंगच्या प्रोजेक्टमध्ये) रूपांतर न करता तसंच टाकलं गेलं. त्याने सूर १४७ सेंट चढतो (१०० सेंट म्हणजे एक सेमिटोन, शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर), म्हणजे दीड सेमिटोनला जेमतेम कमी. तुमची फाइल मी ऐकलेली नाही, पण इतका नेमका योगायोग होत नसतो.

‘वादक चढा’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा: मग पियानोही तेवढाच कसा चढला? ४४० ऐवजी ४४२ ला सूर लावला तर फरक जेमतेम ८ सेंटचा. आणि एसीत गार पडलेला सॅक्स उतरतो, चढत नाही.

खात्री करायला आपल्याकडची वीज कामी येते. वाजवणं सुरू होण्याआधीची दोनेक सेकंदांची शांतता निवडा, ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख) काढा, साइझ ६५५३६ ठेवा (लहान ठेवलात तर इतका बारीक फरक दिसत नाही). मेन्सची (विजेच्या पुरवठ्याची) गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झला असायला हवी. ती ५४.४ आणि १०८.८ ला दिसली की वाद मिटला. लांबीवरूनही कळतं: १४ मिनिटांचं वादन १२ मिनिटं ५२ सेकंदांत संपेल.

दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतला रेट ४८००० वरून ४४१०० करा. ‘रिसॅम्पल’ला हात लावू नका, तो चुकीचा वेग तसाच ठेवून नमुने नव्याने मोजतो. स्टुडिओने शेवटची फाइल ४४१०० ला एक्स्पोर्ट करून दिली असेल तर रेट ४०५१७ टाका. रीपर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात प्लेरेट (वाजण्याचा वेग) ०.९१८७५, आणि ‘प्रिझर्व्ह पिच’ची खूण काढलेली. हे सगळं वेव्ह फाइलवर करा. एमपी३ दिली असेल तर परत पाठवा.

आता ज्या चुकीने आमचं सर्वात जास्त नुकसान केलं ती. अंधेरीतल्या एका स्टुडिओने हीच तक्रार ‘सोडवली’ ती पिच करेक्शन लावून. सूर खाली आला, पण वेग चढाच राहिला, व्हायब्रॅटो सपाट झाला आणि श्वासाच्या जागी पत्रा वाजल्यासारखं ऐकू यायला लागलं. मूळ टेक मागितले तर ‘ड्राइव्ह रिकामा केला’. पैसे पूर्ण घेतले, हे वेगळं सांगायला नको. म्हणून मिक्स नव्हे, कच्च्या फाइली आधी ताब्यात घ्या. मिक्सवर रिव्हर्ब (घुमारा) आणि ईक्यू (ठरावीक हर्ट्झ कमी-जास्त करणं) आधीच चढवलेले असतील तर वेग उतरवताना तेही सोबत ताणले जातात: २ सेकंदांची शेपटी २.१८ होते, ३ किलोहर्ट्झवरचा कट २७५६ हर्ट्झवर येतो.

टेम्पोसाठी अ‍ॅप सोडा. ग्लाझुनोव्हचा फ्युगाटो (एकच धून एकामागून एक आवाजांत येते तो भाग) १२/८ मध्ये आहे. तिथे अ‍ॅप कधी आठवा (एट्थ नोट) धरतं, कधी टिंबवाला क्वार्टर (तीन आठव्यांइतका), आणि आकडा तिप्पट होतो. क्लिक नसलेल्या भागात दर मात्रेला हाताने टॅप करून टेम्पो मॅप (कुठे किती वेग आहे त्याचा नकाशा) बनवा. स्ट्रिंग्ज सॅक्सच्या मागे चालवा, सॅक्सला ग्रिडवर (सॉफ्टवेअरच्या समान मात्रांच्या रेघांवर) ओढू नका. अ‍ॅपचे ‘एनर्जी’, ‘डान्सेबिलिटी’ हे आकडे डीजेंना लखलाभ.

मिक्सबद्दल थोडं, मी मास्टरिंगवाला नाही हे धरून. ऑल्टोचा सर्वात खालचा सूर साधारण १३९ हर्ट्झ, त्यामुळे सॅक्सच्या माइकवर ९० च्या खालचं बिनधास्त काढा, लोकलची धडधड आणि एसी तिथेच असतात. पियानोच्या माइकवर मात्र नाही, त्याचा डावा हात जाईल. आवाज कर्कश वाटला तर ३ किलोहर्ट्झच्या आसपास १–२ डेसिबल कमी करा, जास्त नाही. पण हे वेग उतरवल्यावरच ठरवा, पातळपणा बराचसा त्या चढलेल्या वेगाचा असतो. कम्प्रेशन (मोठा आवाज दाबणं) २:१, अटॅक (ते किती वेळाने सुरू व्हावं) ३० मिलिसेकंद, तेही गरज असेल तर. गेट (हळू आवाज कापणारं साधन) नकोच, कळांची टकटक आणि श्वास कापला की वाद्य मेलेलं वाटतं.

पुढच्या वेळी माइक बेलच्या (सॅक्सच्या रुंद टोकाच्या) तोंडाशी नको. सॅक्सचा आवाज उघड्या छिद्रांतून निघतो. बेलवर धरलात तर खालचे दोन-तीन सूर अंगावर येतात, बाकीचे मागे राहतात. सव्वा-दीड मीटर अंतर, रोख डाव्या हाताच्या कळांकडे. आणि सेशन उघडण्याआधी रेकॉर्डरचा सॅम्पल रेट कागदावर लिहून स्टुडिओवाल्याकडून त्यावर सही घ्या. तोंड वाकडं करतात, करू देत.