१७,७०० सांगितले, ८,२०० आले

"मॅडम, धंदा मी आणतो, पण कमिशन दर महिन्याला कमीच पडतं. कंपनी फसवते, की मलाच जमत नाही?" सेल्समधल्या कितीतरी जणांना ही काळजी पोखरत असते. नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीवर आलेल्या एका तरुणाची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

तो घणसोली ते नेरूळ पट्ट्यात एसीच्या एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे करार, विकायचा. बायकोला १७,७०० येणार म्हणून सांगून बसला होता, त्यातून मुलीची फी भरायची होती. हातात पडले ८,२००. घरात अबोला, रात्री झोप नाही. मॅनेजरवर फोनवर ओरडूनही झालं होतं.

मी म्हटलं, आधी हिशोब बघू. त्याने खिशातून रबरबँड लावलेली डायरी काढली. प्रत्येक ऑर्डरभोवती लाल गोल. बेरीज ५,९०,०००, त्याचे तीन टक्के १७,७००. पण ही बेरीज १८ टक्के जीएसटीसकट होती. तो पैसा सरकारचा. कमिशन मूळ ५,००,००० वरच. त्यातले १,२०,००० वाशीच्या एका सोसायटीकडे अडकलेले, कमिटीच्या चेकवर सही बाकी. त्याच्या नेमणूकपत्रात लिहिलं होतं की कमिशन बिलावर नाही, वसुलीवर. राहिले ३,८०,०००. दोन लाख ओलांडले की सगळ्यावरच तीन टक्के, असं तो धरून चालला होता. जुन्या नोकरीत तसंच होतं, म्हणून हा घोळ. इथे पहिल्या दोन लाखांवर दोन टक्के, ४,०००. वरच्या १,८०,००० वर तीन टक्के, ५,४००. झाले ९,४००.

मग १,२०० कुठे गेले? नेरूळच्या एका दवाखान्याने ४०,००० ची एएमसी तीन महिन्यांनी रद्द केली होती. तिचं आधी दिलेलं सगळं कमिशन परत कापलं होतं. इथे मी पत्र दोनदा वाचलं. कपात 'न वापरलेल्या मुदतीपुरती' असं कलम होतं. बारापैकी नऊ महिने उरलेले, म्हणजे ९०० कापायला हवे होते.

"म्हणजे तीनशे माझे आहेत," तो हळूच म्हणाला, आणि पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला. रक्कम किरकोळ, पण आपली शंका अगदीच खोटी नव्हती, हे कळणं त्याला फार हवं होतं. असं कोणी म्हणालं की मी ते उडवून लावत नाही.

एक प्रश्न मात्र पत्रातही सुटत नव्हता. सोसायटीचा चेक पुढच्या महिन्यात आला तर तो कुठल्या महिन्याच्या स्लॅबमध्ये, म्हणजे दराच्या टप्प्यात, धरणार? ऑर्डरच्या महिन्यात धरला तर ३,६००. वसुलीच्या महिन्यात खालून, म्हणजे दोन टक्क्यांपासून, मोजला तर २,४००. हे नोकरी धरतानाच विचारून लेखी घ्यायला हवं, पण नव्या उत्साहात कोण विचारतं? आम्ही तिथेच बसून अकाउंट्सला मेल लिहिला. दोनच मुद्दे, आरोप एकही नाही.

आठवड्याने उत्तर आलं. तीनशे पुढच्या पगारात मिळणार होते, आणि स्लॅब वसुलीच्या महिन्याचा. हे त्याला आवडलं नाही, पण आता माहीत होतं.

पुढच्या वेळी बायकोलाही घेऊन आला. डायरीत लाल गोल नव्हते. मूळ रक्कम, जमा, दर असे रकाने आखलेले. तिने बोट ठेवलं ते 'जमा'वर. फी दोन हप्त्यांत भरायचं शाळेशी बोलून ठरलं होतं.