कंसातली थाळी

ताई, आमचं घर पक्कं शाकाहारी, अंडंपण येत नाही. बायको वेंगुर्ल्याकडची सारस्वत. लग्न ठरतानाच ती म्हणाली होती की सासरी मासे शिजवणार नाही आणि दीड वर्षात तिने एकदाही शिजवले नाहीत. मागच्या महिन्यात आईला गाडीत सीटखाली हॉटेलचं बिल मिळालं, सुरमई थाळी दोन, शिंपल्यांचा तिसऱ्या मसाला एक. बायको म्हणाली मैत्रिणीला घेऊन गेले होते. आई खूप बोलली, तेव्हा बायकोच्या तोंडून गेलं की आमच्याकडे मासे नॉनव्हेजमध्ये धरतच नाहीत, माझे आजोबा रोज पूजा आटपून माशाची आमटी-भात जेवायचे. झालं, तेव्हापासून दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलतात आणि मी मधल्यामध्ये. (दुसरी थाळी माझीच होती, कॉलेजपासून खातो अधूनमधून, घरी माहीत नाही, पण तो वेगळा विषय.) तर मासे शाकाहारात बसतात की नाही हे तुम्ही एकदाचं स्पष्ट लिहा. आई तुमचा कॉलम न चुकता वाचते, तुमचं तिला पटतं.
– मधल्यामध्ये सापडलेला

नाही बसत. घे, झालं स्पष्ट.

आता त्या कंसाकडे येऊ. एवढं मोठं पत्र लिहिलंस, त्यात आई आहे, बायको आहे, बायकोचे आजोबा आहेत, अगदी तिसऱ्या मसालासुद्धा आहे, आणि स्वतःला तेवढं कंसात घालून ठेवलंस. वर म्हणतोस तो वेगळा विषय. अरे वेगळा कसा? सगळं भांडणच त्या दुसऱ्या थाळीवरून झालंय ना? एक थाळी असती तर बायको सरळ म्हणाली असती, हो, मी खाल्ली, माहेरचं जेवण आहे माझं. दोन होत्या म्हणून तिला मैत्रीण शोधायला लागली. बिल सापडलं तेव्हा तू घरात होतास की नाही ते तू लिहिलेलं नाहीस, पण माझी खात्री आहे की होतास, आणि मैत्रिणीचं नाव घ्यायच्या आधी तिने एकदा तुझ्याकडे बघितलं असणार, आणि तू फोनमध्ये बघत असणार.

तुझ्यासाठी ती खोटं बोलली, तुझ्या वाटणीची बोलणी तिने खाल्ली, आणि तू मला विचारतोयस की मासे कुठल्या कप्प्यात बसतात. तुला माझ्याकडून निकाल कशाला हवाय ते कळतंय मला. मी लिहिलं असतं की मासे चालतात हो शाकाहारात, तर आईचा राग गेला असता ते सोड, पण कॉलेजपासून जे चाललंय ते आपोआप माफ झालं असतं. सुरमई शाकाहारी ठरली की तू काही लपवलंच नव्हतंस! हुशार आहेस, पण एवढं सर्टिफिकेट नाही द्यायची मी.

आई वाचते म्हणालास म्हणून माशांचं एकदा नीट लिहून टाकते, नाहीतर हाच वाद पुढच्या गणपतीत परत निघेल.

बायकोचं म्हणणं अजिबात हवेतलं नाही. कोकणात, गोव्यात, कारवारकडे सारस्वतांच्या कितीतरी घरांत मासे रोजच्या जेवणात असतात आणि नॉनव्हेज म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर मटण-चिकन येतं, मासे म्हणजे नुसतं जेवण. त्याला कथापण आहे, महाभारतात शल्यपर्वात. बारा वर्षांचा दुष्काळ पडला, ऋषी अन्नासाठी दाही दिशांना गेले आणि वेद विसरले, सारस्वत मुनी पण निघाले होते तर सरस्वती नदी म्हणाली तू जाऊ नकोस, तुला रोज मासे देते. त्यावर ते जगले, वेद टिकवले आणि दुष्काळ संपल्यावर बाकीच्यांना परत शिकवले. छान कथा आहे, पण त्यात मासे म्हणजे भाजीच असं नदीपण म्हणत नाही.

आणि ज्यांच्या घरात मासे रोज लागतात त्यांनाच विचार ना. वेंगुर्ल्याला सोमवारी कित्येक घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असतं, एकादशीला असतं, श्रावणात कित्येकजण महिनाभर पाळतात, आणि त्या दिवशी चुलीवर बांगडा चढत नाही. बांगडा शाकाहारी असता तर सोमवारी का नसता चढला? माझी पैज आहे, तिच्या आजोबांचेपण असे वार ठरलेले असणार. बंगालमध्ये तेच. ब्राह्मण मासे खातात, लग्नात नवरीच्या घरी रोहू माशाला सजवून पाठवतात, तरी निरामिष म्हणजे शाकाहारी जेवण म्हटलं की त्यात मासा नसतो. गोव्यातले ख्रिश्चन लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, शुक्रवारी मांस सोडतात आणि मासे चालतात, पण तो उपासाचा नियम आहे, त्याला कोणी शाकाहार म्हणत नाही. सरकारचं तर काही विचारूच नको, एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमात गोड्या पाण्यातले आणि समुद्रातले प्राणी स्पष्ट लिहून मांसाहारात टाकलेत, अंडंपण तिकडेच, दूध, मध वगैरे तेवढं बाहेर. पाकिटावर आधी तपकिरी ठिपका असायचा, आता चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. (जाता जाता, किती शाकाहारी घरांत मुलांना कॉडलिव्हरच्या पिवळ्या गोळ्या दिल्या गेल्यात त्याचा हिशोब कुणी काढत नाही. कॉड हा मासा आहे. तुलापण दिल्या होत्या का, आठवून बघ.)

म्हणजे तुझ्या बायकोचं वाक्य तिच्या घरापुरतं खरं आहे आणि तुझ्या आईचं घर शाकाहारी आहे हेपण खरं आहे, यात भांडण्यासारखं मुळात काही नव्हतंच. बायकोने कधी तुझ्या आईच्या गॅसवर मासे ठेवायला मागितले? नाही. दीड वर्ष झालं. वेंगुर्ल्याची मुलगी दीड वर्ष घरात तिरफळं घातलेला बांगडा नाही, पावसाळ्यात सुकटाची किसमूर नाही, भाजलेला सुका बोंबील तर विचारायलाच नको, आणि तक्रारीचा एक शब्द तुझ्या पत्रात मला सापडला नाही. सोलकढी तरी करते का रे ती तुमच्याकडे? ती शाकाहारीच असते, तुला कुणीतरी सांगायला हवं म्हणून सांगतेय. दिलेला शब्द तिने पाळलाय. महिन्यातून कधीतरी हॉटेलात जाऊन खाते, आणि तिथे समोर बसून तूही खातोस, सुरमई तर खातोसच, त्या तिसऱ्यापण एकटीने खाल्ल्या नसणार, आणि घरी आलास की तू शाकाहारी.

मधल्यामध्ये वगैरे काही नाहीयेस तू. मधे असतो तो दोन्हीकडचं ऐकून घेतो, तू दोघींच्या मागे लपलायस.

तर एकच काम कर. आज रात्री आईशी बोल. बायको घरात नसताना बोल, तिला आधी सांगूही नकोस, नाहीतर ती म्हणेल जाऊ दे रे, कशाला आता, आणि तू लगेच ते धरून बसशील. आईला सांग की दुसरी थाळी माझी होती, मैत्रीणबित्रीण कोणी नव्हती, मीच खातो, लग्नाच्या खूप आधीपासून खातो. एवढंच बोल आणि थांब. तिने आग्रह केला म्हणून खाल्लं, हा शब्द तोंडातून आला तर सगळं फुकट गेलं समज. जिमवाल्याने प्रोटीन सांगितलं हेपण नको, सारस्वत मुनीपण नको. आवडतं म्हणून खातो हे वाक्य एका दमात म्हणता येतं, म्हणून बघ.

आई चिडेल. चिडू दे, तिच्या घरात तिला अंधारात ठेवलंस, तिला तेवढा हक्क आहे. दोनचार दिवस तुझ्याशी बोलणार नाही, तुझ्या ताटात भाजी जरा जोरात पडेल. तुझ्या बायकोने ते महिनाभर काढलंय, तूपण काढशील. कदाचित आईला आधीच माहीत असेल, मुलगा आठ-दहा वर्षं बाहेर खातोय आणि आईला पत्ता नाही हे मला जरा अवघडच वाटतं, पण तो अंदाज धरून गप्प बसू नकोस, सांगायचं ते सांगच. आणि माफी मागायची ती आईची नंतर, आधी बायकोची. तिने विचारायच्या आत.

अजून एक. तुझं गाव आणि वय मी छापताना काढून टाकलंय, पण बिलावरच्या दोन थाळ्या आणि तिसऱ्या मसाला काढला तर पत्रात काही उरतच नाही, म्हणून ते तसंच ठेवलंय. हे उत्तर तुला बुधवारी मेलवर येईल आणि इथे रविवारी. आई न चुकता वाचते असं तूच म्हणालास. म्हणजे बुधवार ते शनिवार तुझ्या हातात आहेत आणि मी तारीख पुढे ढकलणार नाही.

आई पहिला प्रश्न विचारेल, कधीपासून? तेव्हा खरं वर्ष सांग, दोनतीन वर्षं कमी करून नको.