पाय आपटू नकोस

प्रिय पोरा,

तुझा मेल परवा रात्री वाचला. लिस्बनमध्ये किझोंबाचे, म्हणजे त्या अंगोलाच्या जोडीनाचाचे, चार क्लास झाले, बेसिक जमलं, डिसेंबरच्या सुट्टीत पुण्यात दोन दिवसांचं वर्कशॉप घ्यायचंय, तर ताई, तुमचा हॉल मिळेल का? सोबत पोस्टरही जोडलंस. ‘आफ्रिकन टँगो आता पुण्यात!’

हॉल मिळणार नाही. पोस्टर मात्र देखणं झालंय.

कारण सांगायला बसले तर लांबण लागेल. पण तू माझ्याकडे नववीपासून शिकलास, माझी लांबण ऐकायची तुला सवय आहे.

२००७ साली आम्ही नऊ जणी आणि तीन वादक एका महोत्सवासाठी लिस्बनला गेलो होतो. विमान कंपनीने आमचं सामान भलत्याच गावी पाठवलं. नऊवाऱ्या, दागिने, चाळ, सगळं. ढोलकीवाल्याने ढोलकी मांडीवर घेऊन आणली होती म्हणून तेवढी वाचली. मोझांबिकहून येऊन स्थायिक झालेली बरीच गुजराती कुटुंबं तिथे आहेत, त्यांच्यातल्या बायकांनी आपल्या पाचवारी साड्या दिल्या. पाचवारीची नऊवारी कशी नेसायची हा प्रश्न नऊ जणींनी नऊ तऱ्हांनी सोडवला. पायात चाळ नाहीत ते नाहीतच. लावणी सुरू होण्याआधी निवेदक पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलला आणि विंगेत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दुभाषीचा चेहरा पडला. कार्यक्रम झाल्यावर तिने सांगितलं, त्याने आमची ओळख ‘भारतीय बेली डान्स’ अशी करून दिली होती.

तेव्हा ‘आफ्रिकन टँगो’ वाचून मला काय झालं असेल ते बघ. अंगोलाची जाणती माणसं हा शब्द ऐकला की तोंड वाकडं करतात. टँगोशी त्या नाचाचं काही देणंघेणं नाही. मिठी दिसली की टँगो आणि कंबर दिसली की बेली डान्स, असा हा हिशेब.

ती दुभाषी मूळची गोव्याची, पण बालपण सगळं अंगोलाच्या राजधानीत, लुआंडात गेलेलं. १९७५ मध्ये अंगोला स्वतंत्र झाला त्या धामधुमीत तिचं कुटुंब लिस्बनला आलं. तिची कोकणी मला निम्मी कळायची, माझं मराठी तिला पाऊण. “चल, तुझा राग घालवते,” म्हणाली आणि मला एका अरुंद जिन्याने पहिल्या मजल्यावरच्या खाणावळीत घेऊन गेली. अंगोलाची माणसं चालवत होती. ताटात फुंजे आलं. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्या कसाव्याच्या पिठाची ती उकड, चिकट, पांढुरकी, स्वतःला चव नसलेली. सोबत मुआंबा, म्हणजे पामतेलातली लालभडक कोंबडी, आणि तिच्यात चक्क भेंडी! परक्या देशात भेंडी दिसली की माणूस निम्मा घरी पोचतो.

जेवणं झाली तशी टेबलं भिंतीला लागली. कोपऱ्यात एक म्हातारा मांडीवर लांबलचक बांबू घेऊन बसला. बांबूला आडव्या खाचा, हातात बारीक काठी. खर्र-खर्र, खर्र-खर्र. त्याला दिकांझा म्हणतात. आमचा ढोलकीवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ताई, ठेका हा धरून बसलाय, बाकी सगळे नुसते बोलतायत.” तू ज्या गाण्यांवर क्लासमध्ये नाचतोस त्यांत हा आवाज बहुतेक वेळा कीबोर्डच्या खाली दबलेला असतो. शोध, सापडेल.

मग आतून स्वयंपाकीणबाई हात पुसत बाहेर आल्या. साठीच्या असतील, चांगल्या भरदार. माझ्याकडे बघून त्यांनी हात पुढे केला. मी लावणीवाली, घाबरतेय थोडीच! पहिल्याच समेवर मी सवयीने टाच अशी ठोकली की शेजारचे ग्लास वाजले. बाई थांबल्या. खाली जमिनीकडे बोट दाखवलं, मग दोन्ही तळवे गालाखाली घेऊन डोळे मिटले. खालच्या मजल्यावर माणसं झोपलीत! सगळी खोली हसली. त्यांनी माझ्या पाठीवर ओला तळवा ठेवला आणि एकच शब्द म्हणाल्या, “आंदा.” चाल.

पुढची वीस मिनिटं त्यांनी मला फक्त चालवलं. नाच नाही, फिरकी नाही, चालणं. आणि मला ते येत नव्हतं. एकतीस वर्षं नाचून झाल्यावर! आपण पाय जमिनीवर मारतो, जमिनीकडून उत्तर मागतो. तिथे पाय जमिनीवरून पुसला जातो. शेणाने सारवताना हात कसा फिरतो, तळवा न उचलता, तसं पाऊल. गुडघा कुलूप लावल्यासारखा नको, सैल. एका पायावर भार गेला की पूर्ण गेला पाहिजे, उधारी नाही. कंबर हलवायची नसते, भार नीट पडला की ती आपोआप हलते. तुझ्या व्हिडिओत तू कंबर हलवतोयस. बाईंनी तुलाही थांबवलं असतं.

आता तू जे शिकतोयस ते आलं कुठून, ते थोडं ऐक. क्लासमध्ये सांगत नसतील.

सगळ्यात आधी सेंबा. किम्बुंदू भाषेतला शब्द, दोन नाचणाऱ्यांची पोटं एकमेकांना टेकतात त्या टिचकीवरून आलेला. लुआंडाच्या मुसेकांत, म्हणजे लाल वाळूवर वसलेल्या गरीब वस्त्यांत, तो वाढला. १९४७ मध्ये लिसेऊ विएरा दियाश आणि त्याच्या सोबत्यांनी ‘न्गोला रित्मोश’ हा गट काढला आणि गिटारवर किम्बुंदू गाणी बसवली. पोर्तुगीज राज्यात सुशिक्षिताने पोर्तुगीजच बोलावं अशी अपेक्षा असताना हे लोक स्टेजवर उभं राहून आजीच्या भाषेत गात होते. १९५९ मध्ये लिसेऊला अटक झाली आणि त्याची रवानगी केप व्हर्दमधल्या ताराफालच्या छावणीत झाली. गाण्याखाली राजकारण होतं हे पोलिसांना आपल्या रसिकांपेक्षा लवकर कळतं.

बोंगाचं नाव तू ऐकलं असशीलच, आवाज वाळूने घासल्यासारखा. हा माणूस आधी धावपटू. बेनफिका क्लबकडून धावायचा, ४०० मीटरचा पोर्तुगालचा विक्रम त्याच्या नावावर होता. धावपटू म्हणून देशोदेशी फिरायची मुभा, तिचा फायदा घेऊन तो परागंदा झालेल्या स्वातंत्र्यसैनिकांचे निरोप पोचवायचा. पुढे स्वतःलाच पळावं लागलं. १९७२ मध्ये रॉटरडॅममध्ये बसून त्याने ‘अंगोला ७२’ हा अल्बम रेकॉर्ड केला. लुआंडापासून हजारो मैल लांब, थंडीत, घरची आठवण काढत. तू हेडफोन लावून मेट्रोत ऐकतोस ना, ते हे.

मग स्वातंत्र्य आलं, ११ नोव्हेंबर १९७५. आणि दोन वर्षांच्या आत, २७ मे १९७७ च्या फसलेल्या उठावानंतर सरकारने जी कत्तल मांडली तीत सेंबाचे तीन लाडके गायक मारले गेले. दाविद झे, उर्बानो द काश्त्रो, आर्तुर नुनेश. हे तिन्ही आवाज आजही लग्नात वाजतात. त्याच सूडसत्रात सिता वालिस नावाची तरुणी मारली गेली. जन्म अंगोलातल्या काबिंडाचा, आईवडील गोव्याचे. सिता! मला तिचं नाव दुभाषीने त्याच रात्री सांगितलं, टेबलावरचं मीठ बोटाने गोळा करत. आणि लगेच उठून नाचायला गेली. हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं.

किझोंबा या सगळ्यानंतरचा. शब्दाचा अर्थ मेजवानी. देशात यादवी चालू होती, ती २००२ पर्यंत संपली नाही. ऐंशीच्या दशकात लुआंडात रात्रीची संचारबंदी, त्यामुळे कुणाच्या अंगणात एकदा जमलं की उजाडेपर्यंत घरी जाता येत नसे. मग काय करणार, नाचणार. त्याच सुमारास फ्रेंच कॅरिबियनचं झूक तिथे पोचलं, कासाव नावाच्या बँडचं. (या बँडचं नावही कसाव्यावरूनच आलंय. कंदाने पाठ सोडलेली नाही.) सेंबाची चाल, झूकचा संथपणा, त्यात स्वस्त कीबोर्ड आणि ड्रममशीन. एदुआर्दो पाइम हे त्यातलं मोठं नाव. दमलेल्या माणसांना पहाटे चार वाजता एकमेकांच्या खांद्यावर टेकून जेवढं हलता येईल तेवढाच हा नाच हलतो, असं मला वाटतं. हे माझं मत, इतिहास म्हणून कुठे लिहू नकोस.

कुदुरो या अंगोलाच्या दुसऱ्या, धसमुसळ्या नाचाबद्दल मी फार बोलणार नाही, माझे गुडघे त्या वयाचे नाहीत. नव्वदच्या दशकात तोनी आमादोने सुरू केला, तो म्हणतो की जाँ-क्लोद व्हॅन डॅमला सिनेमात दारू पिऊन नाचताना बघून ती कंबर सुचली. निळ्या-पांढऱ्या शेअर टॅक्सींतून तो गावभर पसरला. भूसुरुंगाने पाय गेलेली माणसं कुबडीसकट कुदुरो नाचतात, ते मात्र एकदा बघ. लिस्बनच्या उपनगरांतल्या पोरांनी पुढे त्याचं काय केलं ते ऐकायचं तर बुराका सोम सिस्तेमा हा बँड आणि नंतर डीजे मारफॉक्स. आणि हो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तुम्ही सगळ्यांनी गच्चीवर हातात ताटली घेऊन केलेला ‘जेरुसलेमा’. गाणं दक्षिण आफ्रिकेचं, पण ताटली घेऊन ती पावलं टाकणारा गट लुआंडाचा, फेनोमेनोश दो सेंबा. म्हणजे तू अंगोलाचा नाच लिस्बनला जायच्या आधीच, तुझ्या आईच्या स्टीलच्या ताटलीसकट, केलेला आहेस.

आता कामाचं.

क्लास सोडू नकोस, पण त्याच्यावर थांबू नकोस. तेजो नदीकाठी बी.लेझा म्हणून जागा आहे, तिथे जा. पहिले दोन-तीन वेळा नाचू नकोस, बस आणि वयस्कर जोडप्यांचे पाय बघ. तरुणांचे नको, ते तुझ्यासारखेच व्हिडिओवरून शिकलेले असतात. वाजतंय ते अंगोलाचं की केप व्हर्दचं हे शेजाऱ्याला विचार. सगळ्याला आफ्रिकन म्हणणं म्हणजे लावणी, भांगडा आणि गरबा एकाच डब्यात भरणं.

नाचायला विचारताना हात पुढे कर आणि डोळ्यांत बघ. नाही आलं तर हसून मागे हो, कारण विचारू नकोस. होय आलं तर किती जवळ यायचं ते ती ठरवेल. तुझा उजवा हात तिच्या पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली, दाब नाही, फक्त माहिती. एक गाणं झालं की लगेच सोडून पळू नकोस, तिला जागेवर पोचव. हे सगळं तुला क्लासमध्ये ‘कनेक्शन’ म्हणून शिकवतील, मी सभ्यपणा म्हणते.

फोन खिशात ठेव. लिस्बनलगतच्या अमादोराच्या वस्त्यांत तर नक्कीच. लोकांचं घर आहे ते. कुणी बोलावलं तर जा, जाताना काहीतरी घेऊन जा, मार्तिम मोनीजला आपल्या दुकानांत चिवडा मिळतो.

वर्कशॉपचं पुढच्या वर्षी बोलू. तोपर्यंत एखादी अंगोलाची शिक्षिका ओळखीची झाली आणि तिला पुण्याला यायचं असेल, तर हॉल फुकट. तिच्या शेजारी तू उभा राहा, मराठीत सांग. पोस्टरवर तिचं नाव मोठं.

आणि जमलं तर मला एक दिकांझा आण. बाजारातला शोभेचा नको, वाजणारा, खाचा खोल असलेला. तो फार लांब असतो, पण चेक-इन करू नकोस. ढोलकीवाल्यासारखा मांडीवर घेऊन ये.

तुझी,
ताई